फर्नेस पेटेना तेव्हा

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सिअस. शिकागो, मिनियापोलिस, डेट्रॉइट, टोरोंटो या सगळ्या पट्ट्यात आज मराठी घरं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांचा हिवाळा तळघरातल्या गॅस फर्नेसच्या भरवशावर जातो. पुण्या-नागपुरात वाढलेल्या माणसाची अशा यंत्राशी आधीची ओळख नसते. वर्षानुवर्षं ते आपलं आपण चालतं. मग एका रात्री डक्टमधून गार हवा येऊ लागते आणि टॉर्च घेऊन त्याच्यासमोर उभं राहिल्यावर नेमकं काय पाहायचं ते कळत नाही. ही कृती त्या रात्रीसाठी आहे.

गॅसवर हवा तापवून ती डक्टमधून घरभर पाठवणाऱ्या फर्नेसबद्दलच इथे लिहिलं आहे. तुमच्याकडे पाणी तापवून रेडिएटरमध्ये फिरवणारा बॉयलर असेल तर ही कृती त्याला लावू नका. आणि तुम्ही भाड्याने राहत असाल तर पहिला फोन घरमालकाला करा. शिकागोच्या नियमानुसार १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घर दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ फॅरनहाइट ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. ते मागताना संकोच करण्याचं कारण नाही.

आधी वास, मग अलार्म

तळघराचं दार उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला तर ही कृती तिथेच संपली. दिव्याचं बटण दाबू नका, बंदही करू नका, फोन घरात वापरू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांब गेल्यावर ९११ला किंवा गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. भारतातून आई-बाबा आले असतील तर हे त्यांना हिवाळा लागण्याआधीच समजावून सांगा. आपल्याकडे सिलिंडरचा वास आला की रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायचं शिकवलेलं असतं, आणि माणूस सवयीने तेच करायला जातो. इथे गॅस पाइपलाइनने येतो, गळती कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं. खिडक्या उघडण्यात जाणारी मिनिटं बाहेर पडण्यासाठी वापरायची.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. घरात सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं असेल तर फर्नेस दुरुस्त करत बसू नका. बाहेर पडा आणि मदत मागवा. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं कायद्याने आवश्यक आहे. तुमचं राज्य कुठलंही असो, पुढचं काही करण्याआधी अलार्म चालू आहे ना, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. मुदत अलार्मच्या मागच्या बाजूला छापलेली असते.

फर्नेस पेटते कशी

हा भाग समजला की निम्मं काम झालं. फर्नेस एकदम पेटत नाही. ती ठरलेल्या क्रमाने एकेक खात्री करून घेते आणि एका जरी ठिकाणी उत्तर नकारार्थी आलं तर पुढे जात नाही. नादुरुस्ती शोधायची म्हणजे ती कुठल्या पायरीवर थांबते ते शोधायचं.

थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक तारांमधून उष्णता मागतो. फर्नेसमधलं कंट्रोल बोर्ड तो निरोप घेतं आणि आधी एक छोटा पंखा सुरू करतं, त्याला इंड्यूसर म्हणतात. घूं असा त्याचा आवाज येतो. आत राहिलेला गॅस आणि धूर बाहेर ओढून काढणं हे त्याचं काम. ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब पेटवलेला पाहिला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही: नळीतून वर ओढ लागली नाही तर धूर घरात भरतो. फर्नेसमध्ये ही ओढ लागली की नाही ते प्रेशर स्विच तपासतो. त्याने होकार दिला की इग्नायटर तापू लागतो. हा विजेवर तापणारा एक नाजूक तुकडा असतो. काही सेकंदांत तो नारिंगी, मग जवळजवळ पांढरा होतो. मग गॅस व्हॉल्व्ह टक् करून उघडतो आणि बर्नर एकापाठोपाठ एक निळे पेटतात. लगेच फ्लेम सेन्सर सांगतो की ज्योत खरोखर आहे. सर्वांत शेवटी, साधारण अर्ध्या मिनिटाने, मोठा ब्लोअर सुरू होतो आणि तापलेली हवा घरात येते.

यातली एखादी पायरी चुकली तर बोर्ड काही वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि मग स्वतःला कुलूप लावून घेतं. बऱ्याच मॉडेलमध्ये हे कुलूप एक ते तीन तासांनी आपोआप सुटतं. वीज बंद करून पुन्हा सुरू केली तर लगेच सुटतं. ही सोय तपासणीपुरती वापरायची. दर अर्ध्या तासाने वीज बंद-चालू करत रात्र काढली तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि दरवेळी थोडा गॅस न जळता आत जात राहतो.

दार उघडण्याआधी लुकलुक मोजा

फर्नेसला सहसा दोन पॅनेल असतात, एक बर्नरकडचं आणि एक ब्लोअरकडचं. ब्लोअरकडच्या पॅनेलवर एक बारीक काचेची खिडकी असते आणि आत बोर्डवरचा दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकतो, मध्ये किती थांबतो, ते मोजून कागदावर लिहा, किंवा मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रीकरण करा. हे आधीच करायचं, कारण ते पॅनेल काढताच दारामागचा सुरक्षा स्विच वीज तोडतो आणि काही मॉडेलमध्ये तो संकेत पुसला जातो. त्या संकेताचा अर्थ सांगणारा तक्ता बहुधा त्याच पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे, म्हणून दुसऱ्या कुणाच्या फर्नेसचा तक्ता वापरू नका.

सोप्या गोष्टी

थर्मोस्टॅट ‘हीट’वर आहे का, आणि मागितलेलं तापमान खोलीपेक्षा पाच-सहा अंश वर आहे का? पंखा ‘ऑटो’वर ठेवा. तो ‘ऑन’वर असेल तर बर्नर बंद असतानाही ब्लोअर फिरत राहतो आणि गार हवा आली म्हणून फर्नेस बिघडल्यासारखी वाटते. थर्मोस्टॅटचा पडदा कोरा असेल तर सेल बदला.

फर्नेसजवळ किंवा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी दिव्याच्या बटणासारखंच एक बटण असतं, कधी लाल पट्टीवर बसवलेलं. तो फर्नेसचा मेन स्विच. सुट्टीत पाहुण्यांची मुलं जिन्यात खेळत असताना दिवा समजून कोणीतरी तो बंद करतं, आणि दुसऱ्या दिवशी घर गारठतं. मग ब्रेकर पाहा. पडलेला ब्रेकर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर हात लावू नका. ब्लोअरकडचं पॅनेल नीट बसलं आहे ना तेही बघा. फिल्टर बदलल्यावर ते अर्धवट बसलं तर सुरक्षा स्विच दबत नाही आणि फर्नेस पूर्ण निपचित राहते.

गॅसच्या नळाची मूठ पाइपला समांतर असेल तर गॅस सुरू, आडवी असेल तर बंद. स्वयंपाकघरातली शेगडी गॅसवर असेल तर ती पेटवून पाहा. ती नीट पेटली म्हणजे घरापर्यंत गॅस येतो आहे. गावाबाहेर प्रोपेनची टाकी असेल तर तिचा काटा बघा. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर गॅस भरून आपणच पेटवायचा नाही. पुरवठादार आधी गळतीची तपासणी करतो.

आणि फिल्टर. तो काढून दिव्यासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर बदला. आपल्या घरांत रोजची फोडणी असते, उदबत्ती असते, त्यामुळे पाकिटावर तीन महिने लिहिलं असलं तरी हिवाळ्यात दर महिन्याला तो काढून पाहावा. नवा बसवताना कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा.

आता एक फेरी बघा

फर्नेसचा मेन स्विच बंद करून बर्नरकडचं पॅनेल काढा. बहुतेक मॉडेलमध्ये ते काढलेलं असतानाही फर्नेस चालते. स्विच सुरू करा, थर्मोस्टॅट वर करा, हातभर लांब उभे राहा आणि कशालाही स्पर्श न करता पाहा, ऐका. माझ्या मते अख्ख्या कृतीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि घाईत लोक हीच गाळतात. भक्कन मोठा आवाज होऊन ज्वाळा पुढे आल्या, किंवा ज्योत निळी नसून पिवळी आणि लवलवती दिसली, तर लगेच वीज आणि गॅस बंद करून टेक्निशियनला बोलवा.

काहीच झालं नाही, इंड्यूसरचाही आवाज नाही, दिवाही नाही: वीज बंद करून बोर्डवरचा फ्यूज पाहा. गाडीत असतो तसाच चपटा फ्यूज असतो, ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावा. तोही उडाला तर थर्मोस्टॅटच्या तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता जास्त. अनेकदा ती जागा बाहेरच्या एसीजवळ सापडते, जिथे ऊन-पावसाने तारांचं आवरण गेलेलं असतं.

इंड्यूसर फिरतो, पण इग्नायटर तापतच नाही: प्रेशर स्विच नकार देतो आहे असा संशय घ्या. पांढऱ्या पीव्हीसी पाइपमधून धूर बाहेर टाकणारी, नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षम फर्नेस असेल तर आधी घराबाहेर जा. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपांची तोंडं बर्फाने बुजली आहेत का पाहा. वादळानंतर बंद पडलेल्या फर्नेसचं कारण पुष्कळदा इथेच असतं. बर्फ हाताने बाजूला करा, फावड्याने पाइप फोडू नका. गॅस मीटरही त्याच वेळी बर्फातून मोकळा करा. मग आत येऊन पाणी पाहा. या फर्नेसमधल्या धुरातली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते एका बारीक नळीने मोरीत किंवा छोट्या पंपात जातं. नळी शेवाळाने तुंबली, बाहेर जाणारी नळी गोठली किंवा पंप बंद पडला की पाणी मागे साचतं आणि फर्नेस थांबते. नळी मोकळी करा, पंपाची वीज तपासा. शेवटी प्रेशर स्विचला जाणारी रबराची नळी निसटली, चिरली किंवा तिच्यात पाणी अडकलं आहे का ते पाहा.

हे सगळं ठीक असूनही स्विच नकार देत असेल तर तिथे थांबा. त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून फर्नेस पेटवण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. ऐकू नका. धूर बाहेर जात नाही असं ते यंत्र सांगत असताना त्याचं तोंड बंद करून आपण बाळाच्या खोलीत हवा पाठवत असतो.

इंड्यूसर नीट, संकेतही प्रेशर स्विचचा नाही, आणि इग्नायटर काळाच राहतो: वीज बंद करून तो टॉर्चने पाहा. बारीक चीर किंवा पांढरा डाग दिसला तर तो गेला. इग्नायटर काही वर्षांनी जातोच, त्यात कोणाची चूक नसते. नवा बसवताना त्याच्या तापणाऱ्या भागाला बोट लावायचं नाही. त्वचेचा तेलकटपणा लागला की जुन्या प्रकारचे इग्नायटर त्याच जागी तडकतात. भाग मॉडेल नंबरप्रमाणेच घ्यावा.

इग्नायटर लखलखतो, पण ज्योत येत नाही: व्हॉल्व्हची टक् ऐकू आली का? व्हॉल्व्हवरच छोटं बटण किंवा चकती असते, ती ‘ऑन’वर आहे का? तरीही गॅस येत नसेल तर पुढचं काम परवानाधारक माणसाचं. व्हॉल्व्ह उघडून पाहायचा नाही, त्याचे स्क्रू फिरवायचे नाहीत.

पेटते आणि लगेच विझते

हा बिघाड फार आढळतो आणि घरी सुटण्यासारखा आहे. बर्नर छान निळे पेटतात, काही सेकंदांत विझतात, पुन्हा पेटतात, पुन्हा विझतात. बहुतेक वेळा दोष फ्लेम सेन्सरवर बसलेल्या पुटाचा असतो.

सेन्सर म्हणजे ज्योतीत धरलेली धातूची एक काडी. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून वीज वाहू शकते. बोर्ड काडीला उलटसुलट वाहणारी वीज देतं. पण काडी लहान आणि बर्नर मोठा असल्यामुळे ज्योतीतून ती मुख्यतः एकाच दिशेने जाते. तो एकेरी प्रवाह काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहालाखाव्या भागात मोजण्याइतका क्षीण असतो, आणि बोर्ड त्यावरून ज्योत ओळखतं. काडीवर डोळ्यांना जेमतेम दिसेल असं पूट बसलं की तो प्रवाह तुटतो. समोर ज्योत धडधडत असते, पण बोर्डाच्या लेखी ती नसते, म्हणून ते गॅस तोडतं.

साफ करायचं ते असं. थर्मोस्टॅट बंद, मेन स्विच बंद, फर्नेसचा गॅस बंद. इग्नायटरपासून सर्वांत लांबच्या टोकाच्या बर्नरशेजारी बहुधा सेन्सर असतो: पांढऱ्या चिनी मातीच्या बुडातून निघालेली, टोकाकडे वाकलेली काडी, मागे एकच तार. इग्नायटरला दोन तारा असतात, त्यावरून गफलत टाळता येते. फोटो काढून ठेवा. तार हळूच ओढून काढा, पाव इंची पान्याने एकमेव स्क्रू सोडवा आणि सेन्सर बाहेर घ्या. चिनी मातीचा भाग दाबू नका, काडी वाकवू नका. बारीक स्टील वूलने किंवा भांडी घासायच्या नव्या, कोरड्या हिरव्या घासणीने काडी धातू चमकेपर्यंत हलकेच घासा. खरखरीत पॉलिश पेपर नको; त्याने पडलेल्या चरांत पूट लवकर साचतं. कोरड्या कागदाने पुसा, जागेवर बसवा, तार घट्ट लावा, गॅस आणि वीज सुरू करा. दोष पुटाचाच असेल तर पहिल्याच फेरीत ज्योत टिकते.

थोड्या आठवड्यांत हेच पुन्हा झालं तर सेन्सर बदला. तो महाग भाग नाही. तरीही थांबलं नाही तर फर्नेसचं अर्थिंग किंवा बर्नर तपासून घ्यावा लागेल. कॅनडात ओंटारियोमध्ये गॅसच्या यंत्रावरच्या कामाला प्रमाणपत्र लागतं. तिथल्या वाचकांनी सेन्सरचं काम टेक्निशियनकडूनच करून घ्यावं.

फर्नेस पाच-दहा मिनिटं चालून थांबत असेल आणि ब्लोअर फिरत राहत असेल तर ती अति तापून लिमिट स्विचने थांबवलेली असते. मळलेला फिल्टर, फर्निचरखाली झाकलेल्या जाळ्या, न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांत बंद केलेली व्हेंट, या क्रमाने पाहा. बर्नरजवळ लाल बटण असलेला आणखी एक स्विच असतो. ज्वाळा चुकीच्या दिशेने बाहेर आल्या तरच तो पडतो. तो पडलेला दिसला तर दाबून परत सुरू करू नका.

जुनी पायलटवाली फर्नेस

सतत जळणारी छोटी ज्योत असलेली फर्नेस जुन्या घरांत अजून सापडते. पायलट विझला असेल तर चकती ‘ऑफ’वर आणून किमान पाच मिनिटं थांबा आणि खाली वाकून वास घ्या. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास नसेल तर चकती ‘पायलट’वर आणून दाबून धरा, लेबलवर दिल्याप्रमाणे पेटवा आणि पेटल्यावरही मिनिटभर दाबलेलीच ठेवा. सोडताच ज्योत विझत असेल तर पायलटची ज्योत ओळखणारा भाग, म्हणजे थर्मोकपल, गेलेला असण्याची शक्यता जास्त.

टेक्निशियन येईपर्यंत

फोनवर फक्त ‘हीट येत नाही’ म्हणू नका. मॉडेल नंबर, दिव्याची लुकलुक आणि फेरी कुठल्या पायरीवर थांबते हे सांगा, म्हणजे तो योग्य भाग घेऊन येईल आणि त्याला दुसरी खेप घालावी लागणार नाही.

घरातले सगळे एका खोलीत या, दार बंद ठेवा. विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशनवर नाही, आणि पडदे-पांघरुणांपासून तीन फूट दूर. गॅसची शेगडी किंवा ओव्हन खोली तापवायला पेटवायचा नाही, कोळशाची शेगडी तर घरात आणायचीच नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले नळ बारीक धारेने सोडून ठेवा आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपपर्यंत पोहोचेल. घराचा मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते प्रत्येक मोठ्या माणसाला त्याच रात्री दाखवा. पाइप फुटला तर सर्वांत आधी तोच बंद करायचा असतो.